गावात किंवा वॉर्डात सायबर सुरक्षेचा पुरस्कार सुरू करायचा असेल तर

दुपारी अडीचच्या सुमाराला एका सहकारी बँकेच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक मुदत ठेव मोडायला आले. मुदत संपायला चार महिने बाकी होते आणि रक्कम मोठी होती. शर्टाच्या खिशातून मोबाइलचा कॅमेरा डोकावत होता, एका कानात इअरफोन होता. काउंटरवरच्या ताईंनी सवयीनं विचारलं, "सर, घरात काही कार्य आहे का?" सरांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळेना. ताईंनी पैसे काढायच्या स्लिपच्या मागे लिहिलं, 'फोनवर पोलीस आहेत का?' आणि स्लिप काचेखालून पुढे सरकवली. सरांनी वाचली आणि पापण्या मिटून हो म्हटलं. मग ताई मोठ्यानं, फोनवरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सिस्टिम स्लो आहे सर, आत बसा जरा." आत शाखाधिकाऱ्यांनी फोन बंद करायला लावला, पाणी दिलं आणि मुलीला बोलावून घेतलं.

या घटनेची नोंद कुठेही नाही. पैसे गेले नाहीत, म्हणून तक्रार नाही. तक्रार नाही, म्हणून पेपरात बातमी नाही. आमच्या वाचनालयात आम्हाला ती कळली नऊ महिन्यांनी, तीही सर पुस्तक बदलायला आले आणि बोलता बोलता थांबले म्हणून. ताईंना तोवर कुणी साधं 'बरं केलंत' असंही म्हटलं नव्हतं.

वाचनालयातर्फे आम्ही सायबर सुरक्षेचा पुरस्कार सुरू केला तो या स्लिपमुळे. तीन वर्षं तो चालवला, चुका केल्या, सुधारल्या. तुमच्या गावात, वॉर्डात, सोसायट्यांच्या महासंघात किंवा गणेश मंडळात असं काही करायचं असेल, तर काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करावं ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी आकडे, कारण बैठकीत कुणीतरी विचारणारच की याला पुरस्कार कशाला. संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. २०२४ मध्ये राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर साडेबावीस लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. एवढ्या माणसांपर्यंत वेळेवर पोहोचणं पोलिसांच्या एकट्याच्या हातात नाही. फोन वाजतो तेव्हा माणसाजवळ असते ती शेजारीण, नातू, बँकेतली ताई, नाहीतर मोबाइल दुरुस्तीवाला.

पुरस्कार आपल्याला नवा नाही, पण इथे एक अडचण आहे

महाराष्ट्राला स्पर्धेतून गाव बदलायची सवय आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं आणि गावंच्या गावं हातात खराटा घेऊन रस्त्यावर आली. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, तेव्हा शेजारच्या गावांनी पुढच्या वर्षीची तयारी लगेच धरली.

पण त्या स्पर्धांत परीक्षकाला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी होतं: बांधलेला संडास, नोंदवहीतला मिटलेला तंटा, खणलेला चर. सायबर सुरक्षेत उत्तम काम म्हणजे काहीच न घडणं. आजोबांनी लिंक दाबली नाही, मावशीनं ओटीपी सांगितला नाही, पोरानं आपलं बँक खातं भाड्यानं दिलं नाही. न घडलेली गोष्ट परीक्षकाला दाखवायची कशी? म्हणून या पुरस्काराची सुरुवात ट्रॉफीपासून करू नका, वहीपासून करा. निदान सहा महिने नुसती वही चालवा. त्याआधी पुरस्कार जाहीर केलात, तर तो ओळखीच्या चार जणांतच फिरेल. आमचा पहिल्या वर्षी तसाच फिरला.

पहिली पायरी: वही

दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही घ्या. ती जिथे लोक एरवी येतातच अशा जागी ठेवा: वाचनालयाचा काउंटर, रेशन दुकान, ग्रामपंचायत, सोसायटीचं ऑफिस. पाच रकाने पुरतात. तारीख, काय प्रकार घडू पाहत होता, कुणी थांबवलं किंवा मदत केली, नेमकं काय केलं आणि नोंद कोण लिहितंय.

ज्याची फसवणूक झाली किंवा होणार होती त्याच्या नावाचा रकाना ठेवू नका. हे मी ठासून सांगतो. वही काउंटरवर असते, ती सगळे चाळतात. पीडिताचं नाव लागलंच तर ते समितीतल्या एकाच व्यक्तीला तोंडी सांगावं.

नोंदी आपोआप येत नाहीत. आम्ही दर शनिवारी संध्याकाळी दोघं जण फिरायचो: बँकांच्या दोन शाखा, पोस्ट, महा-ई-सेवा केंद्र, दोन मोबाइल दुकानं, बचत गटाची बैठक. प्रश्न एकच, "या आठवड्यात कुणाला वाचवलंत का?" पहिले तीन आठवडे सगळे नाही म्हणाले. चौथ्या आठवड्यात मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, "वाचवलं असं नाही, पण एक जण लग्नपत्रिका उघडत नाही म्हणून फोन घेऊन आला होता. बघितलं तर ती एपीके फाइल. इन्स्टॉल करूच दिली नाही." आपण काही विशेष केलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. लग्नपत्रिकेच्या, ई-चलानच्या किंवा वीजबिलाच्या नावानं येणारी अशी एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल फोनमध्ये बसली, की मेसेज परस्पर वाचले जातात, म्हणजेच ओटीपी जातो. त्या माणसाचं खातं त्या दुकानात वाचलं होतं.

दुसरी पायरी: क्षेत्र आणि समिती

क्षेत्र लहान ठेवा. एक वॉर्ड, एक मोठं गाव किंवा दहा-पंधरा सोसायट्या. जिल्ह्याचा पुरस्कार ऐकायला भारदस्त वाटतो, पण जिथे तुम्ही पायी जाऊन खात्री करू शकत नाही तिथला पुरस्कार कागदावरच दिला जातो.

समिती पाच ते सात जणांची असावी. निम्म्या तरी बायका हव्यात, कारण फोटोवरून धमक्या येतात तेव्हा मुली आधी बाईकडेच बोलतात. एक निवृत्त बँक कर्मचारी, एक शिक्षक, संगणक कळणारा एक तरुण आणि गावात ज्या वस्तीची भाषा वेगळी आहे तिथलं एक माणूस, एवढं बघा. राजकीय पदावरचं कुणी नको. निवडणुकीच्या वर्षात तर अजिबात नको.

पोलिसांना पहिल्याच महिन्यात भेटा. स्थानिक ठाण्याला आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्याला एक पानी पत्र द्या: आम्ही कोण, काय करणार, तुमच्याकडून काय हवं. त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागा. जाहीर करण्याआधी निवडलेल्या माणसाविरुद्ध काही गुन्हा नाही ना ते पाहणं, आणि कार्यक्रमात दहा मिनिटं बोलणं. निवड मात्र समितीनेच करावी. ठाण्यानं दिलेला पुरस्कार आणि गावानं दिलेला पुरस्कार यांची लोकांच्या मनातली जागा वेगळी असते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राची सायबर स्वयंसेवक योजना आहे, तिच्यात आपल्याकडचं कुणी आधीच नोंदलेलं असेल तर त्याला समितीचा सल्लागार करून घ्या.

प्रायोजकाबाबत कडक राहा. अँटिव्हायरस, विमा, कर्जाचं ॲप, 'पैसे परत मिळवून देतो' म्हणणारी एजन्सी, यांच्यापैकी कुणाचाही पैसा नको. मंचावर त्यांचा फलक लागला की म्हातारी माणसं त्यांच्यावर विश्वास ठेवू लागतात. आमचा खर्च शाल, श्रीफळ, मानपत्रांची छपाई, चहा आणि फलक मिळून पंधरा हजारांच्या आत बसतो, आणि तो वर्गणीतून निघतो.

तिसरी पायरी: कोणत्या कामाला पुरस्कार द्यायचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुरस्कार कशाला देता त्यावरून गाव ठरवतं की सायबर सुरक्षा म्हणजे काय. 'सर्वोत्कृष्ट हॅकर' असा पुरस्कार दिलात, तर पोरं हॅकिंगच्या मागे लागतील. आम्ही कामाचे चार प्रकार धरले.

पहिला, ऐन वेळी थांबवणारा माणूस. बँकेतली ताई, पोस्टमन, नातू, रिक्षावाले काका. इथे 'डिजिटल अटक' समजून घ्या, कारण तिच्यात मोठमोठ्या रकमा जातात. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले किंवा तुमच्या आधारवर गुन्हा आहे म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका असं बजावतो. कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं: थांबा, विचार करा, मग कृती करा. पण भीतीनं गोठलेल्या माणसाला स्वतःहून थांबता येत नाही, त्याला बाहेरून कुणीतरी हात लावावा लागतो. तो हात लावणाऱ्यासाठी हा पुरस्कार.

दुसरा, पैसे गेल्यावर पहिल्या तासात धावणारा. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोन लागला की तक्रार एका यंत्रणेत चढते, तिथून ती बँकांना जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे शिल्लक असलेली रक्कम गोठवली जाते. पण चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची असतात. आमच्या पुरस्काराचा एक मानकरी बारावीतला मुलगा होता. शेजारच्या काकूंचे पैसे गेले तेव्हा घरात रडारड चालू होती. त्यानं काकूंच्या फोनवरचा मेसेज बघून बारा आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव वहीच्या पानावर उतरवलं, १९३० लावला आणि काकूंना आकडे वाचायला बसवलं. लाइन लागेपर्यंत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रारही भरायला घेतली. काही रक्कम गोठली, काही गेली. आम्ही पुरस्कार परत आलेल्या रकमेवर दिला नाही, त्या कागदावर दिला. रक्कम नशिबाचा भाग असते.

तिसरा, वर्षभर शिकवणारा. यात बचत गटाच्या ताई येतात, शाळेतल्या शिक्षिका येतात आणि महा-ई-सेवा केंद्र चालवणारेही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या काळात बनावट संकेतस्थळांच्या बातम्या आल्या, तेव्हा ज्या केंद्रचालकांनी बायकांना खरं संकेतस्थळ स्वतः उघडून दाखवलं आणि ओटीपी त्यांचा त्यांना टाकायला लावला, ते इथले मानकरी.

चौथा प्रकार अवघड आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा: जो स्वतः फसला आणि त्याबद्दल बोलला. फसलेला माणूस लाजेनं गप्प बसतो, त्यामुळे दुसरा त्याच सापळ्यात जातो. एका सेवानिवृत्त कारकुनांनी शेअर बाजाराच्या खोट्या ॲपमध्ये पैसे घालवले होते. त्यांनी आपण होऊन ज्येष्ठ नागरिक संघात उभं राहून सांगितलं की सुरुवातीला पाच हजार टाकले, ॲपवर साडेसात दिसले, हजार काढता आले, म्हणून विश्वास बसला. त्या सभेनंतर तिघांनी आपापले फोन पुढे केले. तिघांकडेही तसलंच ॲप होतं. हा पुरस्कार मागे लागून देऊ नका. माणूस स्वतः तयार असेल तरच द्या.

भाड्याच्या खात्यांचा विषयही यात घ्या. कॉलेजातल्या मुलांना दोन-चार हजार देऊन त्यांचं खातं, एटीएम कार्ड आणि सिम मागितलं जातं. चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस आधी त्या मुलाच्या दारात येतात. आपल्या मित्राला यातून परत फिरवणारा मुलगा वहीत सहसा येत नाही, तेव्हा कॉलेजच्या एनएसएसच्या सरांकडे चौकशी करा.

काय बाद धरायचं

मदत करताना ज्यानं दुसऱ्याचा ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मागून घेतला तो बाद, हेतू कितीही चांगला असो. 'मला सांगा, मी करून देतो' हीच सवय चोर वापरतात.

परवानगीशिवाय कुणाच्या संगणकात, संकेतस्थळात किंवा खात्यात शिरून 'त्रुटी शोधली' म्हणणाराही बाद. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार तो गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हुशार पोरांना हे प्रेमानं समजावा. एखाद्या संकेतस्थळावर लोकांची माहिती उघडी पडलेली सहज दिसली तर ती उतरवून न घेता, कुणाला न दाखवता त्या संस्थेला आणि सर्ट-इनला, म्हणजे देशाच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाला कळवायची. असं शिस्तीत कळवणाऱ्याला जरूर पुरस्कार द्या.

पैसे परत आणून देण्याचं कमिशन घेणारे बाद. चोर समजून कुणाचा फोटो किंवा नंबर ग्रुपवर व्हायरल करणारेही बाद. त्यात कधी कधी भलताच माणूस भरडला जातो.

चौथी पायरी: नावं मागवणं

इथे एक धोका आहे, आणि त्याचा विचार आम्ही उशिरा केला. 'आपली पुरस्कारासाठी निवड झाली आहे, खालील लिंकवर माहिती भरा, नोंदणी शुल्क पाठवा' हा स्वतःच एक नेहमीचा फसवणुकीचा मेसेज आहे. तुमच्या पुरस्काराचा मेसेज त्याच्यासारखा दिसला, तर तुम्ही लोकांना चुकीचीच सवय लावताय. म्हणून हे नियम पहिल्याच पत्रकावर छापा: आम्ही लिंक पाठवत नाही, क्यूआर कोड देत नाही, शुल्क घेत नाही, आधार, पॅन, बँक खातं मागत नाही. निवड झाल्याचं समितीचे दोघं जण घरी येऊन सांगतील. फोनवर कुणी सांगितलं तर खोटं समजा.

अर्ज एकाच कागदाचा असावा. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही, दुसऱ्यानंच सुचवायचं. लिहिता न येणाऱ्यासाठी वाचनालयात कुणीतरी बसून ऐकून लिहून घ्यावं. आमच्याकडे सर्वात चांगली शिफारस एका भाजीवाल्या मावशींनी अशी बोलून दिली होती. त्यांच्या फोनवर पैसे 'येण्यासाठी' पिन मागितला होता आणि शेजारच्या फळवाल्यानं हात धरला: "मावशे, पैसे यायला पिन लागत नसतो, जायला लागतो." या एका वाक्याला आम्ही पुरस्कार दिला. पुढच्या वर्षी तेच वाक्य रंगवून मंडईच्या भिंतीवर लावलं.

मुदत चार आठवडे ठेवा, त्यापेक्षा कमी नको.

पाचवी पायरी: खातरजमा

प्रत्येक नावामागे दोन भेटी. एक ज्यानं मदत केली त्याची, एक ज्याला मदत झाली त्याची. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, आणि भेटीला दोघं जण जावेत. दुसऱ्या भेटीत माणूस तयार नसेल तर आग्रह करू नका. तिसऱ्या कुणाकडून खात्री होते का पाहा.

तक्रार नोंदवली असेल तर पोचपावती पाहायला मागा, पण तिचा फोटो काढू नका. व्यवहाराचे स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नका. कुणी पाठवलेच तर पाहून त्याच दिवशी पुसा. ज्यांना सुरक्षेसाठी गौरवायचं त्यांचीच माहिती आपल्या फोनमधून बाहेर पडली, तर पुन्हा तोंड दाखवता येणार नाही.

मग गुण. आमची सध्याची विभागणी अशी आहे: माणसाला कसं वागवलं याला ३०, दिलेली माहिती बिनचूक होती का याला ३०, योग्य ठिकाणी किती लवकर पोहोचवलं याला २०, काम एकदाच केलं की करत राहिला याला २०. पहिल्या वर्षी आम्ही 'किती लोकांपर्यंत पोहोचले' याला निम्मे गुण दिले होते. साहजिकच सभागृहात भाषण देणारे वर आले आणि काउंटरवरची ताई पाचवी आली. 'अगं, कशी फसलीस एवढी शिकलेली असून' असं न म्हणता मदत करणारा माणूस विरळा असतो. म्हणून वागणुकीला ३० गुण.

बिनचूकपणा तपासायला गप्पांच्या ओघात तीन प्रश्न विचारा. पैसे यायला पिन लागतो का? पैसे गेले नाहीत पण संशयास्पद कॉल आला, तर कुठे कळवायचं? (दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सुविधेवर.) आणि बँकेला किती दिवसांत कळवायचं? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. नियम बदलत असतात, म्हणून कार्यक्रमाआधी शाखेत जाऊन ताजा नियम विचारून घ्या. समितीतल्या प्रत्येकाला ही तिन्ही उत्तरं आली पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको.

सहावी पायरी: कार्यक्रम

ऑक्टोबर हा सायबर जागृतीचा महिना, आणि दर महिन्याचा पहिला बुधवार सायबर जागरूकता दिवस म्हणून पाळला जातो. पण मी म्हणेन, स्वतंत्र समारंभ करूच नका. जिथे गाव आधीच जमलेलं असतं तिथे वीस मिनिटं मागून घ्या: २ ऑक्टोबरची ग्रामसभा, २६ जानेवारीचं ध्वजवंदन, गणेशोत्सवातली एक संध्याकाळ, हळदीकुंकू. हळदीकुंकवाला दिलेला पुरस्कार गावातल्या बायकांपर्यंत जितका पोहोचला, तितका सभागृहातला पोहोचला नव्हता.

आता आमची सगळ्यात वाईट चूक. पहिल्या वर्षी एका तरुणीला आम्ही गौरवलं, कारण तिनं एका कॉलेजमधल्या मुलीला बदललेल्या फोटोंवरून येणाऱ्या धमक्यांतून बाहेर काढलं होतं. निवेदकानं मुलीचं नाव घेतलं नाही. पण कॉलेज सांगितलं, वर्ष सांगितलं, आणि 'आपल्याच मागच्या आळीतली' असंही म्हटलं. अर्ध्या मिनिटात सभागृहाला कळलं. मुलीची आई तिसऱ्या रांगेतून उठली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. आम्ही दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, दार मात्र उघडलं नाही.

तेव्हापासून मंचावरून जे वाचायचं ते आधी त्या-त्या माणसाला घरी जाऊन वाचून दाखवतो. त्यानं 'हे काढा' म्हटलं की ते निघतं, कारण विचारत नाही. लैंगिक अत्याचाराच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांत पीडिताची ओळख पटेल असं काहीही छापणं कायद्यानंच गुन्हा ठरतं, पण कायद्यात बसत असलं तरीही सांगू नका. अशा प्रकरणातला मानकरी असेल तर मानपत्रावर फक्त 'एका कुटुंबाला कठीण काळात दिलेल्या आधाराबद्दल' एवढंच लिहा.

मानपत्र छापील नमुन्यातलं नको. 'समाजोपयोगी कार्याबद्दल गौरव' हे वाक्य कुणालाही चिकटतं. नेमकं काय केलं ते लिहा. बँकेतल्या ताईंना दिलेल्या मानपत्रातला मजकूर इथे देतो, त्यांची आणि सरांची परवानगी घेऊन:

"काउंटरवर रांग असताना आपण समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलंत. त्याला प्रश्न तोंडानं विचारता येत नव्हता, म्हणून स्लिपवर लिहून विचारलात. त्याला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून सिस्टिम स्लो असल्याचं सांगितलंत. एका घराची आयुष्यभराची पुंजी त्या दिवशी घरातच राहिली. हे गावाला कळावं म्हणून हा सन्मान."

मानपत्र सरांनी स्वतः वाचलं. तसं करायचं आम्ही ठरवलं नव्हतं, त्यांनी ऐन वेळी माइक मागितला. दुसऱ्या वाक्यावर ते थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुढे वाचलं.

रोख रक्कम द्यायची असेल तर चेकनं द्या आणि फार मोठी देऊ नका. आम्ही शाल-श्रीफळासोबत वाचनालयाचं एक वर्षाचं सभासदत्व देतो. फोटो छापण्याआधी विचारा. डिजिटल अटकेच्या टोळीला अडवणाऱ्या माणसाचा फोटो आणि कामाचं ठिकाण जगभर फिरवण्याची गरज नाही.

नंतर

दुसऱ्या दिवशी दोन कामं करा. जिथे पुरस्कार मिळालेलं काम घडलं तिथे छोटा फलक लावा, त्यावर १९३० मोठ्या आकड्यांत आणि खाली एकच ओळ. आणि मानकऱ्यांना विचारा, महिन्यातून एक तास देणार का. आमच्या त्या बारावीतल्या मुलानं आता कॉलेजला गेल्यावरही महिन्याचा दुसरा रविवार राखून ठेवलाय. वाचनालयाच्या ओट्यावर बसतो, समोर चार-पाच आजी-आजोबा फोन घेऊन असतात. तो कुणाचाही फोन हातात घेत नाही. हात पाठीमागे ठेवून सांगतो, "आजी, तुम्हीच दाबा, मी बघतो."

वर्षातून एकदा समितीनं बसून विचारावं की यंदा कोणत्या प्रकारच्या कामाला एकही नाव आलं नाही. आमच्याकडे दोन वर्षं ऊसतोड कामगारांच्या वस्तीतून एकही नोंद नव्हती. तिथे कुणी फसत नाही असं थोडंच होतं, आम्हीच तिथे वही नेली नव्हती. गेल्या हंगामात एक वही कोप्यांवर दिली, मुकादमाच्या मुलीकडे. ती नववीत आहे. पहिल्या महिन्यात तिनं सात नोंदी लिहिल्या, त्यातल्या तीन कर्जाच्या ॲपच्या होत्या. त्या आम्ही अजून वाचतोय.